एक प्रिंटर, अनेक कॉम्प्युटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटी ऑफिसं, शाळा, पतसंस्था, वकील, सीए यांच्याकडचे कॉम्प्युटर-प्रिंटर जोडून देणं आणि चालू ठेवणं हे माझं रोजचं काम. फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून दिली आहेत. आकडे आणि आज्ञा इथे देवनागरीत असल्या तरी कॉम्प्युटरवर टाइप करताना त्या इंग्रजीतच करायच्या.

१. शेअर केलेला प्रिंटर आणि नेटवर्क प्रिंटर यात फरक काय?

प्रिंटर यूएसबी वायरने एका कॉम्प्युटरला जोडलेला आहे आणि बाकीचे त्या कॉम्प्युटरमार्फत प्रिंट देतात, तो शेअर केलेला प्रिंटर. प्रिंटर स्वतःच राउटरला किंवा स्विचला जोडलेला आहे, त्याला स्वतःचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळखक्रमांक) आहे आणि प्रत्येक कॉम्प्युटर थेट त्याला प्रिंट पाठवतो, तो नेटवर्क प्रिंटर.

शेअरिंगमध्ये मुख्य कॉम्प्युटर बंद झाला, स्लीपमध्ये गेला किंवा अपडेट घेत बसला की सगळ्यांचंच काम थांबतं. एका पतसंस्थेत प्रिंटरचा कॉम्प्युटर मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये होता. साहेब वसुलीला गेले, केबिनला कुलूप लागलं, आणि काउंटरवर कर्जखात्याच्या उताऱ्यासाठी माणसं ताटकळत उभी. मी जाऊन पाहिलं तर प्रिंटरच्या मागे लॅनचं, म्हणजे नेटवर्कच्या वायरचं, सॉकेट होतं, त्यात कुणी कधी वायरच घातली नव्हती. प्रिंटरला लॅन असेल तर शेअरिंगच्या वाटेला जाऊ नका, असंच मी सगळ्यांना सांगतो.

२. आमचा प्रिंटर नेटवर्कचा आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

मागची बाजू बघा. जवळजवळ चौकोनी, छोटं सॉकेट असतं ते यूएसबीचं. फोनच्या सॉकेटसारखंच पण त्याहून रुंद असतं ते लॅनचं. फॅक्सची सोय असलेल्या मशीनला फोनचं अरुंद सॉकेटही असतं, त्यात लॅनची वायर बसवायचा प्रयत्न करू नका. मॉडेलच्या नावाच्या शेवटी ‘एन’ असेल तर बहुधा लॅन, ‘डब्ल्यू’ असेल तर वायफाय आणि ‘डी’ असेल तर कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छपाई.

आपल्याकडे जागोजागी दिसणारे कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेसरजेट १०२० हे दोन्ही फक्त यूएसबीचे आहेत. त्यांच्यासाठी प्रश्न ७ आणि १० वाचा.

३. नवीन प्रिंटर घ्यायचा आहे. काय बघून घेऊ?

लॅनचं सॉकेट. वायफाय असलं तर चांगलंच, पण वायरला पर्याय नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंची छपाई, आणि मोबाइलवरूनही प्रिंट द्यायची असेल तर एअरप्रिंट व मोप्रिया. ही दोन नावं खोक्यावर असली तर आणखी एक फायदा होतो: तो प्रिंटर कंपनीच्या खास ड्रायव्हरशिवायही (प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामशिवायही) चालतो. विंडोजचा पुढचा रस्ता त्याच दिशेने आहे. कंपन्यांचे वेगळे प्रिंटर ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे घेणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलं आहे. आज दोन-तीन हजार वाचवण्यासाठी फक्त यूएसबीचा प्रिंटर घेतला, तर खालच्या निम्म्या अडचणी त्याच्याबरोबर घरी येतात.

४. नेटवर्क प्रिंटर सगळ्या कॉम्प्युटरवर कसा टाकायचा?

आधी प्रिंटर लॅनच्या वायरने राउटरला किंवा स्विचला जोडा. वायर १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे प्रिंटर सगळ्यांना सोयीच्या जागी ठेवता येतो. मग त्याच्या मेनूतून नेटवर्कची माहिती देणारा कागद छापून घ्या. त्यावर आयपी पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. हा पत्ता कायमचा करून घ्या (कसा, ते प्रश्न ५ मध्ये) आणि मगच पुढे जा.

आता प्रत्येक कॉम्प्युटरवर सेटिंग्जमधून ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडा आणि ‘अ‍ॅड डिव्हाइस’ म्हणा. विंडोज शोधायला लागेल आणि प्रिंटर समोर दाखवेलही. तिथे लगेच क्लिक करू नका. थोडं थांबलात की खाली हाताने जोडण्याचा पर्याय येतो, तो घ्या. आयपी पत्त्याने जोडायचं निवडा, यंत्राचा प्रकार ‘टीसीपी/आयपी डिव्हाइस’ ठेवा आणि पत्ता टाका. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवलेला बरा. शेवटी चाचणीचं पान काढा आणि प्रिंटरला कळेल असं नाव द्या. ‘हॉलमधला लेसर’ हे नाव मॉडेल नंबरापेक्षा सगळ्यांच्या लक्षात राहतं.

एवढा खटाटोप कशासाठी, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

५. लाइट जाऊन आली की प्रिंटर ऑफलाइन होतो. दर वेळी काढून पुन्हा टाकावा लागतो. उपाय काय?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बिघाड प्रिंटरमध्ये नसतो.

राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता वाटतो. लाइट आली की प्रिंटर आणि राउटर एकाच वेळी जागे होतात, पण राउटरला पूर्ण तयार व्हायला एक-दोन मिनिटं लागतात. तोवर प्रिंटरने पत्ता मागून झालेला असतो. उत्तर मिळालं नाही की तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. कधी राउटर कालच्यापेक्षा वेगळाच पत्ता देतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत राहतात. भाडेकरूने घर बदललं आणि पोस्टमन जुन्याच दारावर थाप मारतोय, तसं.

एका शाळेत जून महिन्यात हेच चाललं होतं. दाखल्यांसाठी पालकांची रांग व्हरांड्यापर्यंत गेलेली, दिवसातून दोनदा लाइट जायची, आणि दर वेळी क्लार्क मॅडम तिन्ही कॉम्प्युटरवरून प्रिंटर काढून पुन्हा टाकायच्या. एकाच कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या सात प्रती साठल्या होत्या: कॉपी १, कॉपी २ करत करत. पत्ता पक्का केला, सहा प्रती काढून टाकल्या, आणि पत्ता कागदावर लिहून प्रिंटरच्या झाकणावर सेलोटेपने चिकटवला. राउटर बदलला किंवा कॉम्प्युटर नव्याने फॉरमॅट केला, तर तो कागद दहा मिनिटांत काम मार्गी लावतो. मी तो सगळीकडे चिकटवतो.

पत्ता पक्का करायचे मार्ग दोन. पहिला राउटरमधून: राउटरच्या पानावर जाऊन प्रिंटरच्या मॅक पत्त्यासमोर (यंत्राच्या स्वतःच्या कायमच्या क्रमांकासमोर) एक आयपी राखून ठेवायचा. ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असं काहीसं नाव असतं. दुसरा प्रिंटरमधून: त्याच्या मेनूत आयपी ‘मॅन्युअल’ करून पत्ता, सबनेट मास्क (बहुधा २५५.२५५.२५५.०) आणि गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता भरायचा. या दुसऱ्या मार्गात राउटर ज्या आकड्यांतून पत्ते वाटतो, त्याच्या बाहेरचा आकडा घ्या. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला ५० द्या. नाहीतर एक दिवस कुणाच्या तरी मोबाइलला तोच पत्ता मिळेल आणि दोघंही अडखळतील.

लाइट वरचेवर जात असेल तर राउटर आणि स्विच यूपीएसवर घ्या. लेसर प्रिंटर मात्र कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. टोनर कागदावर पक्का करणारा त्याचा भाग तापताना काहीशे वॉट खेचतो आणि यूपीएस कॉम्प्युटरसकट बंद पडतो.

६. पत्ता पक्का आहे, प्रिंटर चालू आहे, तरी एका कॉम्प्युटरवर ‘ऑफलाइन’ दिसतो.

दोन ठिकाणी बघा. ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’वर टिक कशासमोर आहे? ‘डब्ल्यूएसडी’ने सुरू होणाऱ्या नावासमोर असेल तर विंडोजने आपोआप शोधून जोडलेला प्रिंटर आहे. हा प्रकार मध्येच प्रिंटरचा माग हरवतो. ‘अ‍ॅड पोर्ट’ करून टीसीपी/आयपी पोर्ट घाला आणि टिक तिकडे हलवा.

पोर्ट आधीच टीसीपी/आयपी असेल तर ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये जाऊन ‘एसएनएमपी स्टेटस’ची टिक काढा. विंडोज प्रिंटरला हालहवाल विचारतं, प्रिंटर त्या भाषेत उत्तर देत नाही, आणि विंडोज त्याला ऑफलाइन ठरवून मोकळं होतं.

७. आमच्याकडे यूएसबीचाच प्रिंटर आहे. तो चार कॉम्प्युटरवर कसा वापरायचा?

जो कॉम्प्युटर सर्वांत आधी चालू होतो आणि सर्वांत शेवटी बंद होतो, त्याला प्रिंटर जोडा. त्याचा स्लीप बंद करा. नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर फायरवॉल कुणालाच आत येऊ देत नाही. ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. मग ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘शेअरिंग’वर जाऊन टिक करा आणि छोटं, मध्ये जागा न सोडलेलं इंग्रजी नाव द्या.

बाकीच्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि मुख्य कॉम्प्युटरचं नाव टाइप करा. प्रिंटर दिसेल, त्यावर डबल क्लिक करा. इथे पासवर्ड मागितला तर प्रश्न ८, एररचा आकडा आला तर प्रश्न ९. ‘होमग्रुप’ शोधत बसू नका, ती सोय विंडोज १० मधून २०१८ मध्येच काढली गेली. एका कॉम्प्युटरवरचं शेअरिंग एका वेळी २० यंत्रांपर्यंत चालतं, तेवढं छोट्या ऑफिसला पुरतं.

८. युजरनेम-पासवर्ड मागतो. पिन टाकला तरी घेत नाही.

पिन फक्त त्याच कॉम्प्युटरसमोर बसून उघडण्यासाठी असतो, नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्यालाही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. ‘आमच्या कॉम्प्युटरला पासवर्डच नाही, मग हा कुठला मागतोय?’ असं लोक विचारतात, त्याचं उत्तर हे.

मुख्य कॉम्प्युटरवर फक्त प्रिंटसाठी एक वेगळं, साधं लोकल खातं उघडा आणि त्याला पासवर्ड द्या. बाकीच्या कॉम्प्युटरवर मुख्य कॉम्प्युटरचं नाव, उलटी तिरपी रेघ आणि त्या खात्याचं नाव असं टाकून पासवर्ड भरा, लक्षात ठेवण्याची टिक करा. पासवर्डची सक्तीच बंद करून टाकायचा सल्ला बरेच जण देतात. मी देत नाही, कारण त्याच कॉम्प्युटरवर बहुधा हिशेबही असतात.

९. शेअर केलेला प्रिंटर जोडताना शेवटी ११बी किंवा ७०९ असलेला एरर येतो. पूर्वी तर व्यवस्थित चालत होतं.

पूर्वी चालत होतं हे खरं. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये (प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या भागात) ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं मोठं भगदाड सापडलं. त्यातून बाहेरचा माणूस कॉम्प्युटरचा ताबा घेऊ शकत होता. त्यानंतरच्या अपडेटनी नियम एकामागून एक कडक केले: ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागू लागले, आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर दोन कॉम्प्युटरमधलं प्रिंटचं बोलणं नीट सुरक्षित नसेल तर जोडणीच नाकारली जाऊ लागली. ११बी तेव्हापासूनचा. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीत हे बोलणं ‘नेम्ड पाइप’ या जुन्या वाटेऐवजी ‘टीसीपी’ या दुसऱ्या वाटेने होऊ लागलं, त्यामुळे जुन्या-नव्या विंडोजच्या जोड्यांत ७०९ ची भर पडली.

मी या क्रमाने जातो. आधी दोन्हीकडचे सगळे अपडेट घेऊन दोन्ही कॉम्प्युटर रीस्टार्ट करतो. तेवढ्याने भागलं नाही, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच ड्रायव्हर अ‍ॅडमिन म्हणून आधी टाकतो. मग ‘अ‍ॅड लोकल प्रिंटर’, नवा पोर्ट, प्रकार ‘लोकल पोर्ट’, आणि पोर्टच्या नावाच्या जागी दोन उलट्या रेघा, मुख्य कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी रेघ, शेअरचं नाव. ११बी असेल तर बहुतेक वेळा इथेच काम होतं. ७०९ अडून बसला आणि विंडोज प्रो असेल, तर ग्रुप पॉलिसीत प्रिंटर्सखाली आरपीसीच्या (कॉम्प्युटरमधल्या याच बोलण्याच्या) जोडणीचं सेटिंग आहे, तिथे नेम्ड पाइप निवडता येतो.

रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीतली) एक नोंद शून्य करून ११बी घालवायची युक्ती व्हिडिओंतून फिरते. तिने प्रिंट निघते, पण सुरक्षेसाठी घातलेल्या कड्यांपैकी एक निघते. अपडेट काढून टाकणं तर त्याहून वाईट. मुख्य कॉम्प्युटर अजून विंडोज ७ वर असेल तर या खटपटीत वेळ घालवू नका, प्रिंटर नव्या कॉम्प्युटरला जोडा.

१०. राउटरला यूएसबी आहे. प्रिंटर तिथेच लावला तर?

काही प्रिंटरना चालतं. स्वस्त लेसरना बहुधा नाही. ते पान रचायचं काम स्वतः करत नाहीत, कॉम्प्युटरकडून करून घेतात. एचपी १०२० तर दर वेळी चालू झाल्यावर आपलं फर्मवेअरसुद्धा (यंत्राचा आतला प्रोग्राम) कॉम्प्युटरकडून घेतो, आणि ते देणं राउटरला जमत नाही. अशांसाठी रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर लिनक्स आणि कप्स (लिनक्सवरचा प्रिंटिंगचा प्रोग्राम) टाकून दिवसभर चालू ठेवता येतो. ते लिनक्सचा हात असलेल्यानेच करावं.

११. मोबाइलवरून प्रिंटर दिसतो, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून नाही.

दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत. कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतोय आणि प्रिंटरचा १९२.१६८.२९ ने, असं असेल तर खात्रीच. ब्रॉडबँडवाल्याच्या राउटरला आपण दुसरा राउटर जोडतो तेव्हा हे घडतं. दुसऱ्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ करा. तो पर्याय नसेल तर त्याचा पत्ता पहिल्याच्याच आकड्यांत पण वेगळा ठेवा, डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि वायर ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’च्या सॉकेटमध्ये घाला.

प्रिंटर ‘गेस्ट’ वायफायवर असेल तरीही तो इतरांना दिसत नाही. आणि बरेच वायफाय प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ५ चं नाव त्यांच्या यादीत येतच नाही.

१२. आमचा जुना डॉसचा प्रोग्राम डॉट मॅट्रिक्सवर छापतो. नवीन कॉम्प्युटरवरून प्रिंट जातच नाही.

तो प्रोग्राम ‘एलपीटी१’ या जुन्या पोर्टला प्रिंट पाठवतो आणि नवीन कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. प्रिंटर प्रश्न ७ प्रमाणे शेअर करा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा द्या: नेट यूज एलपीटी१: \\ऑफिस१\डॉट /पर्सिस्टंट:यस. ऑफिस१ च्या जागी कॉम्प्युटरचं आणि डॉटच्या जागी शेअरचं नाव. कमांड प्रॉम्प्ट साधाच उघडा, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने नाही, नाहीतर जोडणी तुमच्या नेहमीच्या प्रोग्रामला दिसत नाही. टॅलीला यातलं काही लागत नाही, ती विंडोजमधूनच छापते.

१३. एका कॉम्प्युटरवरून मराठी पत्र छान निघतं, दुसऱ्यावरून तेच पत्र गिचमिड निघतं.

प्रिंटर निर्दोष आहे. पत्र कृतिदेव, श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी योगेशसारख्या जुन्या फाँटमध्ये आहे आणि तो फाँट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नाही. या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. जिथे टाइप केलं तिथेच पीडीएफ करून तीच सगळीकडून छापा. पुढची पत्रं युनिकोडमध्ये करायची सवय लावा.

पडद्यावर पीडीएफ बरोबर दिसते आणि कागदावर जोडाक्षरं तुटतात, असं असेल तर अडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ची टिक करा. वेळ थोडा जास्त लागतो, अक्षरं शाबूत राहतात.

१४. कुणाची तरी एक प्रिंट अडकते आणि मागच्या सगळ्या थांबतात.

ज्या कॉम्प्युटरवर ती रांगेत दिसते तिथेच उपाय करायचा. शेअरिंग असेल तर मुख्य कॉम्प्युटरवर. ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टीम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइल काढा (फोल्डर नाही), स्पूलर पुन्हा चालू करा. यात सगळ्यांच्याच थांबलेल्या प्रिंट जातात, आधी हाक मारून सांगा.

१५. प्रिंट दिली की प्रिंटर ‘लेटर’ कागद मागत थांबतो. आणि लीगलसाठी दर वेळी सेटिंग बदलावं लागतं.

‘लेटर’ हा अमेरिकेचा आकार, कित्येक ड्रायव्हर तोच धरून येतात. ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आणि तिथे ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’मध्ये ए४ करा. ‘प्रेफरन्सेस’मध्ये केलेला बदल फक्त तुमच्या खात्यापुरता राहतो.

लीगलसाठी तोच प्रिंटर त्याच पत्त्यावर दुसऱ्यांदा टाका, नाव ‘लीगल’ द्या आणि त्याचं डिफॉल्ट लीगल ठेवा. यंत्र एकच, यादीत नावं दोन. एका वकिलांकडे आता ‘ए४ दोन्ही बाजू’ असं तिसरं नावही आहे.

१६. प्रिंट सगळीकडून निघते, पण स्कॅन फक्त एकाच कॉम्प्युटरवर होतं.

विंडोजच्या शेअरिंगमध्ये स्कॅनर येत नाही, फक्त प्रिंटर येतो. मशीनला लॅन असेल तर स्कॅन सरळ एखाद्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये किंवा ईमेलवर पाठवता येतं. जुनी मशीन फोल्डरमध्ये पाठवताना अडतात, कारण त्यांना येणारी एसएमबी १ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धत विंडोज १० च्या २०१७ च्या आवृत्तीपासून मुळात टाकलेलीच नसते, आणि विंडोज ११ प्रोच्या २४एच२ पासून डिजिटल सहीशिवायचं एसएमबी बोलणंही नाकारलं जातं. तिथे ईमेलचा मार्ग घ्या.

१७. कोण किती प्रिंट काढतं, हे कळेल का?

शेअरिंग असेल तर मुख्य कॉम्प्युटरवर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये प्रिंटसर्व्हिसखालची ‘ऑपरेशनल’ नोंदवही चालू करा. मुळात ती बंद असते. मग प्रत्येक प्रिंटमागे ३०७ क्रमांकाची नोंद होते: कुणी, कुठून, किती पानं. थेट नेटवर्क प्रिंटरला ही नोंद ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर राहते. लावणार असाल तर ऑफिसातल्या सगळ्यांना आधी सांगून लावा.

१८. घरून ऑफिसच्या प्रिंटरवर प्रिंट देता यावी म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडलं तर चालेल का?

नाही. नेटवर्क प्रिंटर ९१०० या पोर्टवर येईल ते छापतो, कोण पाठवतंय हे विचारत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये जगभरातल्या हजारो प्रिंटरमधून अचानक एकच कागद बाहेर आला: टी-सीरीजशी सबस्क्राइबरची चढाओढ चाललेल्या एका यूट्यूबरला पाठिंबा द्या, असा. ज्यांचं ९१०० इंटरनेटवर उघडं होतं, ते सगळे त्यात सापडले. तो कागद निरुपद्रवी होता, पुढचा तसाच असेल असं नाही.

घरून छापायचंच असेल तर व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट) घ्या, किंवा पीडीएफ मेल करून ऑफिसातल्या कुणाला तरी छापायला सांगा. आणि प्रिंटरचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर जे पान उघडतं, त्याला अ‍ॅडमिन पासवर्ड घाला. बहुतेक ठिकाणी तो कंपनीने दिलेलाच असतो किंवा नसतोच. नवा पासवर्ड झाकणावरच्या कागदावर लिहू नका, तिथे फक्त पत्ता.